स्पॅनिशची वही: कादिसचा विसर्ग

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की ऐकण्याचा प्रश्न आता मिटला. मेक्सिकन पॉडकास्ट सव्वापट वेगाने कळायला लागले होते, त्याचा माज. दहा दिवस स्पेन फिरून आलो आणि माज उतरला.

माद्रिदमध्ये त्रास इंग्रजीचाच. आपण 'उन काफे, पोर फावोर' म्हणावं आणि समोरच्याने 'विथ मिल्क?' विचारावं. त्याला उपाय आहे. हट्टाने स्पॅनिशच रेटायचं, तिसऱ्या वाक्याला माणूस वळतो.

स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसिया प्रांतातल्या कादिसला उलटंच झालं. तिथल्या मंडईत (बोकेरोन बघून बरं वाटलं, आपल्या मांदेलीचे लांबचे नातेवाईक ते) तळलेल्या माशांचा एक गाळा होता. माझ्यापुढे एक इंग्रज जोडपं. गाळ्यावरच्या बाईंनी बोटं दाखवत त्यांना 'सिक्स, फिफ्टी' सांगितलं, काम झालं. मग मी. वाक्य घोटून ठेवलेलं. त्यात स्पॅनिशचे त, प, क आपल्यासारखेच, इंग्रजांसारखी त्यात हवा सुटत नाही, त्यामुळे उच्चार चोख. बाईंना वाटलं, ह्याला येतंय! त्यांनी स्लो लोकल सोडून थेट फास्ट पकडली. माझ्या कानात राहिलं फक्त 'सिंकुएंता'. एवढुशा माशांना पन्नास? मी मुकाट्याने पन्नासची नोट काढली. त्या हसल्या, आणि मग मलाही बोटं दाखवून 'सिक्स, फिफ्टी'.

खाताना पाटीवर नजर गेली: 'पेस्काइतो फ्रितो', म्हणजे तळलेले छोटे मासे. पुस्तकात 'पेस्कादितो' आहे. मधला द पाटीवरच गायब! म्हणजे माझे कान ठीक होते, तो द तिथे कुणी म्हणतच नाही. पण 'सेइस'मधला (म्हणजे सहामधला) शेवटचा स? तो कुठे गेला ते काही कळेना.

मुलुंडला परतल्यावर आठवडाभर कानाल सुर हा अंदालुसियाचा रेडिओ ऐकला. निवेदक कळतात, फोन करणारे श्रोते अजिबात नाही. पाठ्यपुस्तकासोबतची ऑडिओ म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या हो, तिचा इथे काय उपयोग! दादरला कोण 'काय करत आहेस' म्हणतं? 'काय करतोयस' म्हणतात.

रविवारी शेजारचा आठवीतला मुलगा गॅलरीत घोकत होता: रामः रामौ रामाः. मी चहा ठेवला आणि वही घेतली. संस्कृतात शेवटच्या स्‌चा विसर्ग होतो, आणि अंदालुसियाची बरीच माणसं जवळजवळ तेच करतात. सेइस नाही, सेइः. लोस निन्योस नाही, लोः निन्योः. 'एस्ता'सुद्धा 'एःता'. स्पॅनिशच्या नेहमीच्या लिखाणात हा श्वास दाखवत नाहीत, म्हणून अंकी ह्या अ‍ॅपवरच्या माझ्या पाठांतराच्या कार्डांवर तो कधी आलाच नव्हता. आपल्या लिपीत दोन टिंबं दिली की झालं.

आतापर्यंत साठ कार्डं देवनागरीत उतरवली. परवा लोकलमध्ये ठाण्याच्या आधी, त्या गर्दीत, रेडिओवरच्या एका आजोबांचं 'लाः दोः इ मेद्या' पहिल्या फटक्यात कळलं. अडीच वाजता! शेजारच्याचा धक्का लागला तरी हसत होतो.

बेत असा होता की अकराशे कार्डं विसर्गासकट बदलायची आणि देले ह्या स्पॅनिशच्या परीक्षेच्या बी-१ पातळीचा फॉर्म भरायचा. पण हे लिहितानाच वाटतंय की आधी द घ्यावा. कान्सादोचं कान्साओ, पेस्कादोचं पेस्काओ, हा '-आदो'चा गठ्ठा पन्नासेक कार्डांत उरकेल. विसर्ग दोनशेवर थांबवतो. फॉर्म पुढच्या खेपेला. त्या परीक्षेत कादिसचं कुणी बोलायला येईल असं मला वाटत नाही, पण त्या बाईंकडे परत जायचंय.

आणि एक गोष्ट आत्ता उलगडली. कादिसची माणसं गावाचा द गाळतात, शेवटचा स गाळतात, उरतं 'काइ'. निघताना बाई हात पसरून तेच म्हणाल्या होत्या. मला वाटलं, मराठीत विचारतायत. मी म्हटलं, 'काही नाही.'