ऑन्कोप्रिंटवर टीएमबीचे बार: माझा अनुभव

परळच्या आमच्या लॅबमध्ये काम तोंडाच्या कॅन्सरवर चालतं. गुटखा-तंबाखूच्या कृपेने नमुन्यांना तोटा नाही. टीपी५३, कॅस्प८, नॉच१ अशा जीन्समध्ये (जनुकांमध्ये) कुठल्या रुग्णात काय बदल झालाय, हे ऑन्कोप्रिंटमध्ये एका नजरेत दिसतं: आडव्या ओळी जीन्सच्या, उभे रकाने रुग्णांचे. आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या कॉम्प्लेक्सहीटमॅप पॅकेजने ते चित्र पटकन निघालं. मग मॅडम म्हणाल्या, "वर प्रत्येकाचा टीएमबीही टाक गं, बारमध्ये." टीएमबी म्हणजे डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे किती म्युटेशन्स, म्हणजे बदल.

चित्राच्या वरच्या पट्टीसाठी टॉप_अ‍ॅनोटेशन असतं, त्यात बार काढणारं अ‍ॅनो_बारप्लॉट दिलं. टीएमबी आला, पण कुठल्या रुग्णात कुठल्या प्रकारचे किती बदल हे दाखवणारे वरचे आधीचे रंगीत बार गुल! ते डीफॉल्ट असतात. त्या जागी आपण काहीही दिलं की ते जातात. दोन्ही हवे असतील तर अ‍ॅनो_ऑन्कोप्रिंट_बारप्लॉटही तिथेच लिहायचं.

क्रमाचं मात्र जपायला हवं. टीएमबीचे आकडे मॅट्रिक्सच्या (आपण दिलेल्या जीन्स-रुग्णांच्या तक्त्याच्या) मूळ रकान्यांच्या क्रमानेच द्यायचे. ऑन्कोप्रिंट रकाने स्वतः लावतो आणि बारही सोबत हलवतो. आधीच सॉर्ट करून दिलेत तर एकाचा बार दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि एररही येत नाही. म्हणून सॅम्पल आयडीवरून जुळवून घेतलेलं बरं.

एका नमुन्याचा टीएमबी इतका चढा होता की बाकीचे बार तळाला चिकटले. लॉग१० (आकडा म्हणजे दहाचा कितवा घात) घेऊन अक्षावर ०, १, २ च्या जागी १, १०, १०० लिहिता येतं. पण लॉगवर दुप्पट उंच बार म्हणजे दुप्पट म्युटेशन्स नव्हेत, आणि एकपेक्षा कमी आकड्यांचे बार उलटे लोंबतात. मला काही ते पटेना. अ‍ॅनो_पॉइंट्सने ठिपके काढून दाखवले, मॅडमनी ते ठेवले. डेकोरेट_अ‍ॅनोटेशनने १० वर तुटक रेघही मारली. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये जास्त टीएमबीच्या गाठींसाठी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मान्यता दिली, तेव्हा तोच उंबरठा धरला होता.

ग्रुप मीटिंगमध्ये एका सर्जनने उजवीकडच्या, प्रत्येक जीनमधले बदल मोजणाऱ्या बारवर बोट ठेवलं: पीआयके३सीए या जीनची डावीकडची टक्केवारी (किती टक्के रुग्णांत बदल) कमी, मग बार लांब कसा? एकाच रुग्णात म्युटेशन आणि अ‍ॅम्प्लिफिकेशन (जीनच्या जादा प्रती) दोन्ही असली, की टक्केवारीत तो एकदाच मोजला जातो, बारमध्ये मात्र दोन रंगांत दोनदा. आकृतीखाली आता तसं लिहूनच टाकलंय, रिव्ह्यूअरने विचारायच्या आत.