पंचगंगेपलीकडून शाळेत

सन 1975 च्या जूनमध्ये मी कोल्हापुरातल्या आपल्या शाळेत आठवीच्या वर्गात दाखल झालो आणि 1978 साली दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो. गुरुजनांचे ऋण शब्दांत मावणारे नाही; परंतु या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आला तो शाळेमागचा सायकल स्टँड. वडणगे, निगवे, आंबेवाडी, चिखली अशा नदीपलीकडच्या गावांतून येणाऱ्या आम्हा मुलांची खरी हजेरी त्या पत्र्याच्या छपराखाली लागत असे. पावसाळ्यात रेडेडोह फुटल्याची, म्हणजे पुराचे पाणी नदीपात्राबाहेर पसरल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी निम्मा स्टँड रिकामा दिसे, आणि आमचे वर्गशिक्षक हजेरी घेताना त्या गावांच्या मुलांची नावे न पुकारता पुढे जात. ‘गैरहजर’ असा शेरा त्यांनी आमच्यापुढे कधी मारला नाही, हे मी विसरलेलो नाही.

आमचे गाव शाळेपासून पाच-सहा किलोमीटरवर होते आणि गावातली शाळा सातवीला संपत असे. घरात एकच सायकल होती, ती आबांची. बावीस इंची, काळी, मागे भक्कम कॅरिअर; त्याच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून आबा पहाटे शिवाजी पूल ओलांडत आणि गंगावेशीत दूध घालून आठपर्यंत परत येत. त्यानंतर सायकल माझी. शाळा सुटल्यावर मी ती वेळेत घरी पोहोचवायची, कारण संध्याकाळच्या धारा निघालेल्या असत. सुगीत उसाच्या गाड्यांच्या रांगेमागे अडकून उशीर झाला, तर आबा किटल्या भरून दारात उभे असत; ते रागावत नसत, फक्त हँडल हातात घेत.

या सायकलीवर मी बसायला शिकलो तो पाचवीच्या सुट्टीत, आणि शिकवले ते आक्काने. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पहिल्यांदा लंगडी, म्हणजे एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्या पायाने जमीन ढकलत जाणे. मग नळीखालून पाय पलीकडे घालून हाफ पायडल. मग नळीवरून, कमरेतून डावी-उजवीकडे झुकत. आणि उंची पुरली की सीटवर. आमच्या पिढीतला खेड्यातला जवळजवळ प्रत्येक मुलगा याच क्रमाने शिकला, कारण मुलांच्या मापाची सायकल घरात असणे ही कल्पनाच नव्हती. आठवडाभर आक्का खळ्यावर कॅरिअर धरून माझ्यामागे धावत राहिली. शेवटी नदीकडच्या उतारावर ती मागे आहे या भरवशावर मी निम्म्यापर्यंत गेलो, वळून पाहिले, तर ती वर वडापाशी उभी होती.

आक्काने सातवीला गावात पहिला नंबर काढला होता. पुढे ती शिकली नाही. आबा दुष्ट नव्हते. गावातली एकही मुलगी तेव्हा सायकलवर बसत नव्हती, एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि पाच-सहा किलोमीटर चालत एकट्या मुलीला पाठवायला कोणी धजत नव्हते. मी पुष्कळदा त्या नळीचा विचार केला आहे. सीट आणि हँडल यांना जोडणारी ती आडवी नळी सांगाडा भक्कम करते, ओझे वाहणाऱ्या सायकलीला ती लागतेच. लहान असताना ती आम्हा दोघांनाही सारखीच आडवी येत होती. मी वाढलो आणि तिच्यावरून पाय टाकू लागलो. आक्का वाढली आणि परकर नेसू लागली. खाली वाकलेल्या नळीची लेडीज सायकल मी प्रथम पाहिली ती राजारामपुरीत, एका डॉक्टरांच्या बंगल्यासमोर.

आबांच्या लहानपणी सायकल विलायतेहून येई आणि ती मोठ्या घरची वस्तू असे. 1951 साली सोनिपतला अ‍ॅटलस आणि 1956 साली लुधियानाला हीरो हे कारखाने उभे राहिले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती पोस्टमन, गवळी, शाहू मिलच्या भोंग्यावर धावणारे कामगार यांच्या हाती आली. 1986 साली हीरो हा जगातील सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंदवला गेला, तेव्हा मला त्याचा मनापासून अभिमान वाटला होता. 2011 च्या जनगणनेतही देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे 45 घरांत सायकल होती. मोटारसायकल वा स्कूटर 21 घरांत आणि मोटार पाचांहूनही कमी घरांत. आज रविवारी सकाळी रंकाळ्यावरून पन्हाळ्याकडे गिअरच्या सायकली घेऊन निघालेली तरुण मंडळी पाहून आनंद होतो, परंतु या देशाची सायकल मुख्यतः कामाला आणि शाळेला जाणाऱ्यांची आहे, असे मी मानतो.

2006 साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली, ही बातमी वाचली त्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन आक्काकडे गेलो होतो. तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, “नववीच्या का, आठवीच्या पोरींस्नी का न्हाई?” तिची शाळा आठवीच्या उंबरठ्यावर सुटली होती, हे तेव्हा मला पुन्हा एकदा लख्ख जाणवले.

आबांची सायकल अजून गोठ्यात आहे. तिची सीट दोनदा, फ्रीव्हील तीनदा आणि टायर किती वेळा बदलले याची गणती नाही. कॅरिअर मात्र मूळचेच आहे. महोत्सवातील प्रदर्शनासाठी मी ती घेऊन येणार आहे, मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला की झाले. हा मजकूर पाठवण्यापूर्वी मी आक्काला फोनवर वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “उतारावर मी हात कवा सोडला, ते लिवलंयस न्हवं?”

लिहिले आहे, आक्का.