जर्मनीतलं गेस्ट वायफाय आणि अंजर्ल्यातले टीव्ही

जर्मनीत कुणाकडे जेवायला गेलं की यजमान वायफायचा क्यूआर कोड पुढे करतात. तो बहुधा घरच्या नेटवर्कचा नसतो, पाहुण्यांसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कचा असतो. मला आधी हा तुसडेपणा वाटायचा. २०१० मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ठरवलं होतं की वायफाय नीट सुरक्षित न ठेवल्यामुळे भलत्याच कुणी त्यावरून गाणी-सिनेमे फुकट वाटले, तर कायदेशीर नोटिशीचा खर्च वायफायच्या मालकावर पडू शकतो. २०१७ मध्ये कायदा बदलून हा बोजा काढला, पण सवय राहिली. तिकडे घरोघरी दिसणाऱ्या फ्रिट्झबॉक्स राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करायला दोन मिनिटं लागतात. घरच्यांना १९२.१६८.१७८ ने सुरू होणारे पत्ते मिळतात, पाहुण्यांना १९२.१६८.१७९ ने, आणि ही दोन एकमेकांना दिसत नाहीत.

आमच्याकडे कोकणात, अंजर्ल्याला, दादा-वहिनी तीन खोल्या पर्यटकांना देतात. आधी कासवांची पिल्लं बघायला पुण्या-मुंबईची मंडळी येतात, मग आंबा सुरू होतो. या खेपेला सुट्टीवर आलो तेव्हा सगळ्या घराला एकच वायफाय होतं. वहिनीचा फोन, माजघरातला प्रिंटर, वाडीतले कॅमेरे, खोल्यांतले टीव्ही आणि येणारा प्रत्येक पाहुणा, सगळे त्यावरच. पासवर्ड लॅमिनेट करून ओटीवर टांगलेला.

"भावजी, मधल्या खोलीतला मुलगा गाणी लावतो आणि ती वाजतात पहिल्या खोलीतल्या आजोबांच्या टीव्हीवर," वहिनी म्हणाली. "आजोबा बिचारे मलाच विचारतात, हे बंद कसं करायचं?"

दादाला मात्र फिकीर नव्हती. "अरे, कॅमेऱ्यात वाडीतले वानर दिसतात. बघेनात का कोण बघतंय ते!" कुणी बघण्याचा तसा प्रश्नही नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. वानरांवर नजर ठेवणारा कॅमेराही त्या कामाला चालतो.

तर नेटवर्कं वेगळी करायचं ठरलं. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड जात नाही, त्यामुळे खोल्यांपर्यंत केबल टाकावी लागणारच होती. एकाच केबलमधून अनेक नेटवर्कं नेण्याची सोय म्हणजे व्हीलॅन. जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे फ्रेमला, १२ बिटांचा एक क्रमांक चिकटवतात, त्यामुळे ४०९४ नेटवर्कं करता येतात. दादाला पाच पुरली: घर, कॅमेरे आणि तीन खोल्या.

खरी गोम यानंतर. वेगळं केलं की प्रिंटर फोनला दिसेनासा होतो, कारण फोन त्याला शोधतो ती पद्धतच आखूड पल्ल्याची आहे. फोन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे पत्त्यावरचं क्रमांकाचं दार), सगळ्यांना उद्देशून विचारतो, इथे प्रिंटर कोण आहे? याला एमडीएनएस म्हणतात. ॲपलने ते बॉन्जूर या नावाने रूढ केलं, पुढे २०१३ मध्ये त्याचं प्रमाणित रूप आलं. वाडीत उभं राहून मारलेल्या हाकेसारखंच हे, फक्त ही हाक गडग्यापाशी थांबते. राउटरने २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते पुढे पाठवायचे नाहीत, असा नियमच आहे. म्हणजे राउटर बिघडलेला नसतो, तो नियम पाळत असतो.

यावर नेटवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे हाक पलीकडे पोचवणारा रिफ्लेक्टर बसवा. दादाच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली आहे, त्यात अवाही नावाचा प्रोग्राम टाकला की हे होतं. पण सरसकट चालू केलं तर पुन्हा मधल्या खोलीतल्या मुलाच्या यादीत आजोबांचा टीव्ही हजर! वर घरच्यांच्या फोन-लॅपटॉपची नावं पाहुण्यांना वाचायला मिळणार ती वेगळीच. माझं मत असं की आधी कुणाची कुणाशी गाठ पडायला हवी ते बघावं आणि त्यांना एकाच नेटवर्कात बसवावं. टीव्ही ज्या खोलीत, त्याच खोलीच्या नेटवर्कवर जोडला. तिथे रिफ्लेक्टरचं कामच नाही. फक्त क्लायंट आयसोलेशन बंद हवं. ते चालू असलं तर एकाच वायफायवरचा फोन आणि टीव्हीसुद्धा एकमेकांना दिसत नाहीत, आणि लोक तासन्‌तास टीव्हीला दोष देत बसतात.

उरला प्रिंटर. त्याच्यासाठी अवाही चालू केलं, पण गाळणी लावून, म्हणजे फक्त छपाईच्या सेवेची चौकशी पलीकडे जाईल. ०.८ आवृत्तीपासून ही सोय आहे. एवढ्यावर प्रिंटर यादीत दिसायला लागला, पण पान काही येईना. दिसणं आणि पोचणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. रिफ्लेक्टर फक्त नाव-पत्ता कळवतो, प्रत्यक्ष जोडणी फायरवॉल, म्हणजे राउटरमधला पहारेकरी, अडवतो. तिथे खोल्यांकडून प्रिंटरच्या पत्त्यावर, ६३१ या एकाच पोर्टवर, जायची मुभा दिली. प्रिंटरचा पत्ताही राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला, नाहीतर पावसाळ्यात वीज दहा वेळा जाणार आणि परत आल्यावर तो भलताच पत्ता घेऊन बसणार. अँड्रॉइडवाल्यांना हा पत्ता हाताने टाकूनही छापता येतं. आयफोनला मात्र सहसा हाकेला ओ मिळावीच लागते, सगळा खटाटोप त्यांच्यासाठी.

कॅमेऱ्यांना बाहेरचं इंटरनेट नाही. दादा घरच्या वायफायवरून त्यांच्यापर्यंत जाऊ शकतो, ते मात्र स्वतःहून कुणाकडे जाऊ शकत नाहीत, विचारलं तेवढंच उत्तर देतात. दादाला हे फार आवडलं.

पाहुण्यांच्या आयफोनवर आता 'माजघर' नावाचा प्रिंटर दिसतो. वहिनीने पानाला पाच रुपये लावलेत, आणि खेडहून सुटणाऱ्या परतीच्या गाडीचं तिकीट अजूनही कागदावरच हवं असणारे काका ते देतातही.