मामा तलावात सोडलेला परका मासा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरकडून गावी आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी तरी हमखास विचारते, "काचेच्या टाकीतले मासे आता सांभाळणे होत नाही, इथल्या तलावात सोडले तर चालतील ना?" विचारणाऱ्याच्या मनात दया असते, कारण टाकीत कोंडलेल्या जिवाला मोकळे पाणी मिळावे, एवढीच त्याची इच्छा असते. मी मात्र दरवेळी ठामपणे नाही म्हणते. दोन वाक्यांत सांगितलेले कारण पाहुण्यांना पटत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आमचा भाग भंडारा-गोंदियाचा, म्हणजे तलावांचा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी आणि इतर शेतकरी समाजांनी उतार पाहून, मातीची पाळ घालून हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना 'माजी मालगुजारी', बोलण्यात 'मामा तलाव' हे नाव पडले. पूर्व विदर्भात असे ६००० हून अधिक तलाव आहेत. ते सुटेसुटे दिसत असले तरी त्यांचे पाणी एकच आहे. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की पाणी धानाच्या बांध्यांतून खालच्या तलावात उतरते, तेथून नाल्यात, नाल्यातून चुलबंद किंवा गाढवी नदीत, पुढे वैनगंगेत, प्राणहितेत आणि शेवटी गोदावरीत जाते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे या वाटेने उलटे चढूनही येतात. त्यामुळे 'आमच्या गावच्या तलावात सोडला' या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. एका पाण्यात सोडलेला मासा दोन-चार पावसाळ्यांत कुठपर्यंत पोहोचेल, हे सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

परक्या माशांमध्ये आमच्याकडे सर्वांत खोलवर रुजलेली म्हणजे तिलापिया. मूळ आफ्रिकेची ही जात १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणली गेली. कमी खर्चात भरपूर मासळी मिळेल, ही त्यामागची अपेक्षा होती. १९५९ साली भारतीय मत्स्य संशोधन समितीने तिचा आणखी प्रसार करू नये असे ठरवले, परंतु तोवर ती पसरू लागली होती. तिची ताकद कशात आहे, हे जाळे ओढताना दिसते. तळहाताएवढी मादी जाळ्यातून काढून घेतली, तिचा फुगलेला जबडा अंगठ्याने हळूच उघडला, की आतून नुकतेच डोळे उमटलेली, तिळाएवढी पिल्ले भराभर बाहेर पडतात. अंडी घातल्यावर मादी ती तोंडातच उबवते आणि पिल्ले पोहू लागल्यावरही धोका जाणवला की त्यांना परत तोंडात घेते. उबदार पाण्यात असे वर्षातून अनेकदा घडते. अंगठ्याएवढ्या आकारातच ती वीण घालू लागते, त्यामुळे तलाव लहान-लहान तिलापियांनी भरून जातो आणि कोणीच मोठे होत नाही. बाजारात मासळी विकणाऱ्या एका ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, बाईंनी मला एवढेच सांगितले होते, "बाई, मासे गनज (पुष्कळ) दिसतेत, पन भाव नाही."

याच्या उलट आमची मरळ आहे. नर-मादी काठालगतच्या उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाने घरटे करतात आणि तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर फिरू लागला की खालून त्याची राखण करतात. तिलापियाचा नरदेखील आपले खळगे त्याच उथळ पाण्यात करतो, तेथून इतर माशांना हुसकावतो आणि सापडली तर त्यांची अंडी खातो. मरळ, शिंगी, मांगूर, वाम या माशांना ढिवर कुटुंबांत बाळंतिणीला, आजाऱ्याला द्यायचा मासा म्हणून मान आहे आणि त्यांना दरही चांगला मिळतो. ते हातचे जाऊन त्यांच्या जागी कमी भावाची मासळी येणे, हा पर्यावरणाबरोबर पोटाचाही प्रश्न आहे. तलावावर ज्यांचे घर चालते, त्यांनाच हे नुकसान सर्वांत आधी सोसावे लागते.

दुसरा मासा सायप्रिनस. युरोप-आशियातील या माशाची एक जात १९३९ साली निलगिरीत आणि दुसरी १९५७ साली थायलंडहून भारतात आली. तो तळाचा गाळ तोंडाने उपसून त्यातले किडे खातो. त्यामुळे पाणी सतत गढूळ राहते, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही आणि पाण्याखालच्या वनस्पती मरतात. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, तर वनस्पतीच खातो आणि दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतका चारा फस्त करू शकतो. गवत्या आमच्या साचलेल्या पाण्यात वीण घालत नाही, म्हणून तो तिलापियासारखा वाढत जात नाही, हे सांगितलेच पाहिजे. मात्र जिथे त्याचे बीज पुन्हा पुन्हा टाकले जाते, तिथे देवधान (पाण्यात आपोआप उगवणारे रानभात), कमळ आणि पाण्याखालची शेवाळे टिकणे कठीण होते. या वनस्पतींना अनेक लहान मासे अंडी चिकटवतात, त्यांच्यावर हिवाळ्यात येणारी लालसरी आणि इतर बदके जगतात आणि त्यांच्याच कंदांवर सारस चरतो. महाराष्ट्रातले सारस आता आमच्या भागापुरतेच उरले आहेत. अशा वेळी तलावाचा तळ उजाड करणारा मासा त्यात सोडण्याआधी हजारदा विचार व्हायला हवा.

तिसरा आफ्रिकन मांगूर. बाजारात त्याला थाई मांगूर म्हणतात. २००० सालापासून भारतात त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तरीही तो चोरून पाळला जातो, कारण तो कोंबडीच्या दुकानातील टाकाऊ भागावर झपाट्याने वाढतो. आमचा देशी मांगूर हात-दीड हातापुढे जात नाही. हा मीटरभराहून लांब होतो, समोर येईल तो मासा, बेडूक, पिल्लू गिळतो, हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. देशी मांगूर धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला आहे. ज्या शेततळ्यात आफ्रिकन मांगूर आहे, त्या तळ्याचा बांध एका रात्रीच्या पावसात फुटला तर पुढे काय होईल, हे ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा महापूर पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

आता टाकीतल्या माशांकडे येते. त्यांपैकी सर्वांत धोकादायक मासा सर्वांत निरुपद्रवी भासतो. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा, काळपट, खवल्यांचे चिलखत घातलेला सकर मासा दुकानात बोटाएवढा मिळतो. दोन वर्षांत तो हातभर होतो, टाकीत मावत नाही, आणि मग त्याला तलावात नेऊन सोडले जाते. दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतात अनेक ठिकाणच्या नद्या-तलावांत स्थिरावला आहे. याचा नर अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत आडवी बिळे खोदतो, एकाशेजारी एक, कित्येकदा हातभर खोल. नदीच्या काठाला त्याने ढासळ लागते. आमच्या तलावांच्या पाळी मात्र मातीच्याच आहेत, कित्येक तर शतकांपूर्वी घातलेल्या. त्या पाळीला पाण्याच्या बाजूने बिळे पडू लागली तर काय होईल? उंदराच्या आणि खेकड्याच्या बिळांनी पाळ झिरपते, हे आम्ही शेतकरी जाणतो आणि ती बुजवण्याचे कष्टही करतो. पाण्याखालची बिळे दिसतच नाहीत. शिवाय त्याचे काटे जाळ्यात असे अडकतात की तो काढताना जाळे फाटते, आणि काढून झाल्यावर तो विकलाही जात नाही. ज्याचे जाळे फाटते, त्या ढिवराने तो मासा कधी सोडलेला नसतो.

डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी आणि गॅम्बुशिया मासे सोडण्याची पद्धत शंभर वर्षांपूर्वीची आहे. भारतात गप्पी १९०८ साली आणि गॅम्बुशिया १९२८ साली आला. आमच्याकडे हिवताप आणि डेंग्यू खरेच आहेत, त्यामुळे या उपायाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. सिमेंटचे हौद, वापरात नसलेल्या विहिरी, बांधकामाच्या टाक्या अशा बंद पाण्यात गप्पी ठेवणे समजू शकते. तलावात आणि नाल्यात मात्र ते सोडू नयेत. तेथे अळ्या खाणारे आपले लहान मासे आधीपासून आहेत, आणि गॅम्बुशिया तर अळ्यांइतकीच इतर माशांची अंडी आणि बेडकांची पिल्ले खातो.

कोणतीही जात मुळात वाईट नसते, हेही लक्षात ठेवायला हवे. आशियातून गेलेला, आपल्या मांगुराचा जवळचा भाऊबंद असलेला एक मासा १९६० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडात सुटला, आणि तेथे आज तो उपद्रवी परका गणला जातो. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च सोडल्यावर तेथील शेकडो स्थानिक जातींवर संक्रांत आली, आणि त्यांतल्या कित्येक पुन्हा दिसल्या नाहीत. हिमाचलातील गोविंदसागरात १९७१ साली चुकून शिरलेल्या सिल्व्हर कार्पने कटल्याची जागा घेतली. प्रत्येक ठिकाणी आणणाऱ्यांचा किंवा पाळणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

मत्स्यपालनाविषयी माझी काही तक्रार नाही. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांची वीण करून दाखवली आणि त्यामुळेच आज मत्स्यजिरे (माशांची अगदी बारीक पिल्ले) आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) गावोगावी मिळते. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा आपोआप वाढत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज दरवर्षी घ्यावे लागते आणि नेमके किती सोडले याचा हिशेब राहतो. गडबड होते ती बीजाच्या पिशवीत. ऑक्सिजन भरलेली पॉलिथिनची पिशवी तलावावर येते, पाण्याचे तापमान जुळावे म्हणून थोडा वेळ तरंगत ठेवली जाते आणि मग थेट ओतली जाते. आत काय आहे, ते कोणी पाहत नाही. मच्छीमार संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे की ती पिशवी आधी पांढऱ्या टबात रिकामी करावी. आखूड, उभट अंगाची आणि पाठीवर काटेरी पर असलेली बोटुकली तिलापियाची, चपट्या डोक्याची आणि लांब मिशांची बोटुकली मांगुराची. अशी निघाली तर ती पिशवी परत करावी आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

आमच्या भागात काही ढिवर संस्थांनी आणि महिला गटांनी तलावाचा तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे, आणि अशा तलावांत देशी मासे परत येतात. हे काम वाचवायचे तर ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावरून बाहेर यायला हवी. २००२ च्या कायद्याने तिला लोक जैवविविधता नोंदवही करण्याची जबाबदारी दिली आहे. त्या नोंदवहीत आपल्या तलावातील प्रत्येक माशाचे गावातले नाव आणि तो कोणत्या महिन्यात दिसतो ते ज्येष्ठ ढिवरांना विचारून लिहावे, आणि परक्या माशांसाठी वेगळे पान ठेवावे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातही परक्या आक्रमक जातींवर नियंत्रण आणण्याची तरतूद झाली आहे, तिचा आधार ग्रामपंचायतीच्या ठरावात घेता येईल.

टाकीतल्या माशांचे काय करावे, हे अजून सांगायचे राहिले. ज्या दुकानातून आणले, तेथे परत द्यावेत. बहुतेक दुकानदार पैसे देत नाहीत, पण मासे घेतात. ते जमले नाही तर टाकी ठेवणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला किंवा शाळेच्या टाकीला द्यावेत. टाकीतले पाणी आणि शेवाळही तलावात किंवा नालीत न ओतता झाडांच्या आळ्यात, कोरड्या जमिनीवर ओतावे, कारण अंडी आणि गोगलगाई त्यातूनच जातात. मासा आजारी असेल किंवा मेला असेल, तर तो खोल खड्ड्यात पुरावा. आणि नवीन टाकी घ्यायचे ठरवत असाल, तर दुकानदाराला पहिला प्रश्न असा विचारावा की हा मासा दोन वर्षांनी केवढा होईल.