चौथ्या गड्याचा खर्च

मे महिन्यातली सांगलीतली दुपार म्हणजे घरात चार पोरं आणि बाहेर उन्हात जायला बंदी. मग पत्त्यांचा कॅट निघतो, मेंढीकोट सुरू होतो. कॅट एकच, पण पानं वाटली की चौघांकडेही दुसऱ्याला न दिसणारं काहीतरी असतं. ही लपवालपवी किती स्वस्तात पडते, ते व्हिडिओ गेमवाल्यांनी हाच उद्योग करून पाहिला तेव्हा कळलं.

निन्टेंडोच्या गेमक्यूब या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा 'फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स' एकट्यानं खेळायचा तर साधा कंट्रोलर चालतो. दुसरा गडी आला की मात्र प्रत्येकाच्या हातात गेम बॉय ॲडव्हान्स, म्हणजे स्वतःचा पडदा असलेलं निन्टेंडोचंच खिशातलं यंत्र हवं, शिवाय ते गेमक्यूबला जोडणारी खास केबल. पहिल्या गड्यालासुद्धा! मग एकाच्या पडद्यावर नकाशा, दुसऱ्याच्या पडद्यावर शत्रू, तिसऱ्याच्या पडद्यावर खजिना. एकमेकांना ओरडून सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. 'झेल्डा' या खेळमालिकेतल्या 'फोर स्वोर्ड्स ॲडव्हेंचर्स'मध्ये एखादा गुहेत शिरला की टीव्हीवरून गायब होतो आणि त्याच्या हातातल्या चिमुकल्या पडद्यावर उतरतो. आत काय घबाड मिळालं, ते तो सांगेल तेव्हा खरं. कल्पना झकास, त्यात वादच नाही.

हिशेब मात्र झकास नाही. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेत गेमक्यूबची किंमत उतरून ९९ डॉलर झाली. त्याच वर्षी आलेला घडीचा गेम बॉय ॲडव्हान्स एसपीही ९९ डॉलरचा. म्हणजे मूळ यंत्र शंभराचं आणि चार गड्यांच्या हातातली यंत्रं चारशेची. वर पन्नासचा खेळ आणि दहा-दहा डॉलरच्या केबली. तेव्हाच्या पंचेचाळीस रुपयांच्या डॉलरनं पंचवीस हजारांच्या वरच गेलं की! प्रत्येक पोराच्या खिशात गेम बॉय असतोच, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. आपल्याकडच्या स्वस्तातल्या टीव्ही गेमच्या खोक्यात दोन कंट्रोलर आधीच निघायचे; भांडण फक्त तिसऱ्याचं.

एक दया त्यांनी केली. गेम बॉयमध्ये वेगळी कॅसेट लागत नाही. रिकामा चालू करायचा, लागणारा प्रोग्रॅम केबलीतून येतो.

आज हे जुन्या बाजारात जमवायचं म्हटलं तर फसायच्या जागा ठरलेल्या. दोन गेम बॉय एकमेकांना जोडणारी केबल इथं चालत नाही. आपल्याला हवी तिच्या एका टोकाला गेमक्यूबच्या कंट्रोलरचा जाड गोल प्लग असतो. गेम बॉय मायक्रोचा प्लग वेगळा, आणि डीएसला, म्हणजे निन्टेंडोच्या त्यानंतरच्या हातातल्या यंत्राला, ती जागाच नाही, भले त्यात गेम बॉयची कॅसेट चालो. पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सला दोन पेन्सिल सेल लागतात आणि त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणजे टीव्हीसाठी पडदे ओढून अंधार केलात की हातातलं दिसेना. एसपीला आतून उजेड आहे, पण इतक्या वर्षांनी त्याची बॅटरी तपासूनच पैसे द्यावेत. गेमक्यूब नसेल तर त्याच्यामागून आलेला निन्टेंडोचा 'वी' (Wii) चालतो, पण सुरुवातीचा, ज्याच्या झाकणाखाली गेमक्यूबच्या कंट्रोलरच्या चार जागा आहेत तो. आणि भडंग खाऊन कुणाला पडद्याला हात लावू देऊ नये. हे कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं.

या सगळ्यात शहाणा निघाला तो 'पॅक-मॅन व्हर्सेस'. चौघांत गेम बॉय एकच. तो ज्याच्या हाती, तो पॅक-मॅन. त्याला सगळा चक्रव्यूह दिसतो. बाकीचे तिघे साध्या कंट्रोलरवर भुतं होऊन टीव्हीत बघतात, पण त्यांना आपल्या आसपासचं तेवढंच दिसतं. ज्या भुतानं पॅक-मॅनला पकडलं त्यानं गेम बॉय घ्यायचा, आपला कंट्रोलर त्याला द्यायचा आणि डाव पुढे. तीन यंत्रांचे पैसे वाचले आणि मजा तसूभरही कमी झाली नाही. मला विचाराल तर बाकीच्यांनी इथंच थांबायला हवं होतं.

'क्रिस्टल क्रॉनिकल्स' २०२० मध्ये नव्यानं आला, फोनवरसुद्धा. आता केबल नको, गेम बॉय नको. मात्र एका टीव्हीसमोर बसून मिळून खेळायची सोयच काढून टाकली. प्रत्येकाचं यंत्र वेगळं आणि गाठ इंटरनेटवर. एकाच सोफ्यावर चौघं चार फोनांत तोंड खुपसून बसतात, आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, "काय रे, भांडलात काय?"