ओव्यांच्या फायली आणि नवं विंडोज : माझा अनुभव

बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, त्यांनी चष्मा चढवला आणि मी फाइल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर-पाउंडची चिन्हं, महिरपी कंस, डोक्यावर टिंबं असलेली कुठली कुठली परकी अक्षरं. ओळी मात्र दोन-दोनच्या जोडीने, जिथल्या तिथे. त्या मांडणीवरूनच बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "अगं, ह्या माझ्याच ओव्या. पण हे काय झालंय यांना?"

मी सांगलीत डीटीपीचं काम करते, १९९६ पासून. पत्रिका, प्रबंध, पतसंस्थांचे अहवाल, जे येईल ते. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नोकरीच्या गावांतून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहिल्या तीनशे ओव्यांची पुस्तिका २००१ मध्ये निघाली, तिचं टायपिंग माझंच. नंतरच्या चार-पाच वर्षांत आणखी आठशे जमल्या. त्याही मीच टाइप केल्या, पण छापायचं राहून गेलं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बाईंच्या वह्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत होत्या, त्यांचा लगदा झाला. माझ्या दुकानातले प्रिंट आणि सीड्या गेल्या. मी फक्त सीपीयू तेवढा उचलून वर नेला होता. म्हणजे त्या आठशे ओव्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या, माझ्या डी ड्राइव्हवर.

तोच सीपीयू जानेवारी २०२० मध्ये मी विंडोज १० करून घेतला. विंडोज ७ ला मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारीला थांबणार होते, आणि दुकानाचा जीएसटी, बँक सगळं त्याच मशीनवर. रॅम वाढवून ८ जीबी केली. तेवढी वापरायची तर ३२ बिटचं विंडोज काढून ६४ बिटचं घालावं लागतं, आणि हा बदल जुन्यावरच नवं चढवून होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. काम करणाऱ्या मुलाने विचारलं होतं, "ताई, डेटा डीमध्ये आहे ना?" मी हो म्हटलं. फॉन्ट सीमध्ये, विंडोजच्या सोबत असतात, हे त्या क्षणी माझ्याही डोक्यात आलं नाही.

बाईंना चहा दिला आणि धीर धरून फाइल बघायला लागले. फाइल बिघडलेली नव्हती, ही पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी. आम्ही त्या काळी ज्या फॉन्टांत टाइप करायचो, त्यांत यंत्राच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट असेपर्यंत ते चित्र दिसतं, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी मिळून ठरवलेल्या क्रमांकांच्या पद्धतीत, तसं नाही. तिथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि फॉन्ट कुठलाही लावा, 'क' हा 'क'च राहतो. नव्या फॉन्टात अक्षरं जराशी वेगळी दिसणं आणि अक्षरं मुळात मराठीच नसणं, हे दोन संपूर्ण वेगळे आजार आहेत. औषधंही वेगळी. माझ्याकडे दोन्ही होते.

कुठला फॉन्ट हवा आहे हे वर्ड स्वतःच सांगतं. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात खाली फॉन्ट सब्स्टिट्यूशन नावाचं बटण आहे. फाइल उघडी ठेवून ते दाबलं की कुठला फॉन्ट सापडत नाही आणि त्याच्या जागी कुठला लावलाय, दोन्ही नावं समोर येतात. माझ्या फायलींत मिळून चार फॉन्ट नव्हते. त्यातला एक मंगल होता, तो २००५ नंतरच्या थोड्या युनिकोड फायलींत वापरलेला. मंगल मिळवणं सोपं. विंडोज १० मध्ये तो ऐच्छिक भागात गेला आहे. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' असं नाव आहे, तिथून घेतला की झालं.

उरलेले तीन आमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर आलेले. त्या सॉफ्टवेअरला डोंगल लागायचं, प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचं कुलूप. त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा निघाला आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काही चालत नाही. तो रस्ता तिथेच संपला.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी सहज सी ड्राइव्ह उघडला तर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर दिसलं. त्या मुलाने सी पुसलाच नव्हता, न पुसता नवं टाकलं होतं, आणि अशा वेळी जुनं विंडोज या फोल्डरमध्ये सरकवून ठेवलं जातं. आत विंडोज, त्याच्या आत फॉन्ट्स. तिन्ही फॉन्ट तिथे होते! अपग्रेडनंतर साधारण दहा दिवसांनी हे फोल्डर आपोआप पुसलं जातं. मी पोचले तो सहावा दिवस होता. आधी ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर, आणि मगच फॉन्ट बसवायला हात लावला.

फॉन्ट बसताच ओव्या परत आल्या. बाईंना फोन केला तर त्या पलीकडे काही बोलेचनात. मी "बाई, आहात ना?" म्हणून दोनदा विचारलं.

पण एवढ्यावर थांबायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. आज मी बसवला म्हणून दिसतंय, उद्या माझं मशीन नसलं तर पुन्हा तेच. सगळं युनिकोडमध्ये आणायचं, म्हणजे कुठल्याही फोनवर, कुठल्याही गावात वाचता यावं. मूळ फायलींना हात न लावता त्यांच्या प्रती काढल्या आणि प्रतींवरच काम सुरू केलं.

पहिला धडा त्याच दुपारी मिळाला. एका फाइलमध्ये किरकोळ दुरुस्ती करताना मी टाइप केलेलं अक्षर स्पेस मारली की बदलून दुसरंच व्हायचं. कारण ऑटोकरेक्ट. वर्ड समजतं हे इंग्रजी आहे, म्हणून वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं, सरळ अवतरणचिन्ह वळवून देतं. इंग्रजीत ते ठीक, पण या फॉन्टांत मोठं अक्षर म्हणजे वेगळं मराठी अक्षर. जुन्या मशीनवर मी हे सगळं वर्षांपूर्वी बंद करून ठेवलं होतं, नव्या वर्डमध्ये ते चालू होतं. जुन्या फॉन्टच्या फाइलवर काम करणार असाल तर फाइल उघडण्याआधी ऑटोकरेक्टच्या सगळ्या खुणा काढा. आधी, नंतर नाही.

पहिल्या पुस्तिकेच्या फायली वर्ड ९५ च्या होत्या, त्या नव्या वर्डने अडवल्या. इतक्या जुन्या प्रकारच्या फायली सुरक्षेसाठी रोखलेल्या असतात. ट्रस्ट सेंटरमधल्या फाइल ब्लॉक सेटिंग्जमध्ये वर्ड ९५ समोरची खूण तात्पुरती काढली, फायली डॉक-एक्समध्ये सेव्ह केल्या, खूण परत लावली.

रूपांतराला मात्र तीन आठवडे गेले. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, त्यामुळे कन्व्हर्टरही, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रामही, त्या फॉन्टचाच लागतो. एकाच फाइलमध्ये दोन फॉन्ट असतील तर सगळं एकदम टाकून चालत नाही. गावांची नावं मी काही ठिकाणी इंग्रजीत टाइप केली होती, ती कन्व्हर्टरमधून गेली की त्यांचंही भलतंच मराठी व्हायचं. म्हणून वर्डमधल्या 'सिलेक्ट' खालच्या सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडायच्या सोयीने एकेका फॉन्टचा मजकूर वेगळा काढला.

तिसऱ्या फॉन्टचा मजकूर कुठल्याच कन्व्हर्टरमध्ये जाईना, नुसते चौकोन यायचे. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या पुतण्याने कारण शोधलं. तो फॉन्ट चिन्हांचा फॉन्ट म्हणून बनवलेला होता. अशा फॉन्टची अक्षरं वर्ड नेहमीच्या क्रमांकांवर ठेवत नाही, ६१४४० च्या पुढे नेऊन ठेवतं. पुतण्याने छोटा मॅक्रो, म्हणजे वर्डमध्येच चालणारा प्रोग्राम, लिहिला. प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ६१४४० वजा करायचे, एवढंच त्याचं काम. त्यानंतर तो मजकूरही सरळ गेला.

जुन्या फॉन्टांत आम्ही जसं दिसतं तसं टाइप करायचो. 'किती' मधली पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून टाइपही आधी. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. रफाराचं उलटं. आम्ही तो अक्षरानंतर द्यायचो, युनिकोडमध्ये 'र' आधी येतो. कन्व्हर्टर ही उलटापालट करतो, पण जोडाक्षर आलं की चुकतो. आणि सगळ्यांत जास्त चुकतो तो आपल्या मराठी 'ऱ्या' पाशी. दुसऱ्या, वाऱ्यावर, सोयऱ्याला, नवऱ्याच्या. ओव्यांत असे शब्द पदोपदी. त्यांचे 'दुसर्या', 'वार्यावर' होऊन आले होते. सरसकट फाइंड-रिप्लेस करावं तर 'सूर्या' आणि 'कार्याला' हेही बिघडतात, कारण तिथे रफारच बरोबर आहे. म्हणून एकेक शब्द बघून दुरुस्त करावा लागला.

प्रूफ वाचायला बाई रोज अकराला यायच्या. मी पडद्यावर बघायचे, त्या ओवी म्हणायच्या. वाचायच्या नाहीत, म्हणायच्या, चालीवर. चालीत म्हटलं की गळालेली मात्रा लगेच कळते, ओळ लंगडते. डोळ्यांनी वाचताना मी जिथून सरळ पुढे गेले असते तिथे बाई थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथे काहीतरी गेलंय गं." दरवेळी खरंच गेलेलं असायचं. एवढी वर्षं प्रूफं वाचली, पण अशी पद्धत मी पाहिली नव्हती.

फॉन्टवरूनही त्या अडल्या. मंगलमधला 'ल' आणि 'श' त्यांना पसंत पडेना. "हा हिंदीचा ल झाला. मी चौतीस वर्षं पोरांना पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवायला लावला." त्यांचं बरोबरच होतं, २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी तीच वळणं आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा लावला आणि बाई पडद्याजवळ वाकून एकेक ल बघत बसल्या. मजकूर आता युनिकोडमध्ये असल्यामुळे हा बदल चार क्लिकमध्ये झाला. जुन्या पद्धतीत फॉन्टचं कुटुंब बदललं असतं तर सगळा मजकूर नासला असता.

एक प्रकरण मात्र पूर्ण परत आलं नाही. सव्वीस ओव्यांची मूळ फाइल कुठेच नव्हती. २००४ मध्ये मी त्या कुणाला तरी साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवल्या होत्या, ती प्रत तेवढी सापडली. त्या प्रवासात इंग्रजी वर्णमालेबाहेरच्या क्रमांकांची सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं झाली होती. परक्या अक्षरातून मराठी परत काढता येतं, कारण क्रमांक शाबूत असतो. प्रश्नचिन्हाच्या मागे काहीच उरलेलं नसतं.

त्यातल्या बावीस बाईंनी आठवणीतून भरल्या. उरलेल्या चार ज्या आजींनी सांगितल्या होत्या त्या आता नाहीत. बाईंनी त्यांच्या लेकीला इस्लामपूरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी उरलेले शब्द वाचून दाखवले. लेक आधी लाजली, मग म्हणायला लागली. तीन ओव्या तिने पुऱ्या केल्या. चौथीची पहिली ओळ म्हटली, दुसरीत मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच अडली. "आईला येत होती," म्हणाली.

बाई म्हणाल्या, आपल्या मनाचा शब्द घालायचा नाही. त्या जागी मी चार टिंबं टाइप केली आणि फाइल सेव्ह केली.