आमची वाटचाल: नऊ प्रजातींवरून चारवर

टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्ले संच बनवणं हा आमचा व्यवसाय. मुलूख पहिल्यापासून एकच: अमेरिकेच्या पश्चिमेसारखा कोरडा प्रदेश, फक्त तिथे जादू चालते. काळ 1867 ते 1887 धरलाय, आणि तो विचार करून धरलाय. 1867 मध्ये टेक्सासची गुरं चिझम वाटेने कॅन्ससमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकायला सुरुवात झाली. 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेकडे गुरं इतकी मेली की मोकळ्या कुरणावरच्या चराईचा धंदाच मोडला. मधल्या वीस वर्षांत रेल्वे, खाणी, काटेरी तार, पाण्यावरून भांडणं असं सगळं येतं. खेळायला याहून जास्त लागत नाही.

पहिल्या आवृत्तीत खेळाडूने पात्रासाठी निवडायच्या नऊ प्रजाती आणि चौसष्ट मंत्र होते. पुस्तक 128 पानांचं, म्हणजे सोळा पानी आठ फर्म्यांचं. आज चार प्रजाती आहेत, मंत्रांची यादी नाही, आणि पुस्तक पाच फर्म्यांत, 80 पानांत बसतं. आमची वाटचाल ही मुख्यतः कापाकापीची आहे. का कापलं, ते इथे सांगतो.

सुरुवात पाण्यापासून. जादू कशावर चालते याआधी ती काय संपवते, हे ठरवावं लागतं. ऊर्जा, मन, आत्मबल अशी मोघम चलनं आम्ही वापरून पाहिली. खेळाडू ती रात्री झोपून परत मिळवतात आणि सकाळी पुन्हा तेच. वाळवंटात खरोखर संपतं ते पाणी. म्हणून आमच्या मुलखात जादू पाणी पिते.

आधी आम्ही लिटरमध्ये हिशोब ठेवायला लावायचो. तासाभरात सगळे कंटाळायचे. मग चिंचोके आणले. एक चिंचोका म्हणजे पाच लिटर. माणसाला दिवसाला एक, घोड्याला पाच. घोडा खरोखरच दिवसाला वीस ते चाळीस लिटर पितो, त्यामुळे हा आकडा ओढूनताणून आणलेला नाही. चार माणसं आणि चार घोडे यांना दिवसाला 24 चिंचोके लागतात. गाडीवरच्या 200 लिटरच्या पिपात चाळीस मावतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता पीप कोरडं, आणि तेही कुणी जादू केली नाही तर. ढीग डोळ्यांसमोर घटत असतो, त्यामुळे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला भीती घालावी लागत नाही. अंतराचं भान हवं असेल तर 1866 ची गुरं हाकायची गुडनाइट-लव्हिंग वाट बघा: पेकोस नदी लागेपर्यंत सुमारे 80 मैल पाण्याचा थेंब नाही, आणि पाण्याचा वास आला की गुरं आवरत नाहीत.

जादूचा कौल फाशांऐवजी पत्त्यांवर घ्यायचं पहिल्यापासून नक्की होतं. सलूनच्या टेबलावर पत्तेच शोभतात. पोकर त्या काळाला धरून आहे, पण पाच पानांच्या पोकरमध्ये निम्म्या वेळा साधी जोडीही येत नाही आणि फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच चिन्हाची, पाचशेत एकदा येतो. शिवाय आपल्याकडच्या टेबलावर पोकरचा क्रम प्रत्येक वेळी वाचून दाखवावा लागतो. तीन पत्ती मात्र दिवाळीत सगळ्यांनी खेळलेली असते. म्हणून मुलूख तिकडचा आणि हात इकडचा, असा मेळ आम्ही जाणूनबुजून घातला.

तीन पानांच्या 22,100 जुळण्या होतात. त्यांतल्या 16,440 जुळण्यांत, म्हणजे जवळपास पाऊण वेळा, काहीच लागत नाही. जोडी 17 टक्के, रंग 5 टक्के, साधा सिक्वेन्स सव्वातीन टक्के. ट्रेल 22,100 मध्ये फक्त 52 वेळा. आमची पहिली दुरुस्ती इथेच फसली. पाच पानं वाटून त्यांतली तीन निवडायला सांगितलं, तर रंग लागायची शक्यता 5 वरून थेट 37 टक्क्यांवर गेली, आणि जोडी-रंगातला फरकच उरला नाही. पानं वाढवली की क्रम बिघडतो, हे गणित मांडल्याशिवाय कळत नाही.

आता नियम असा: पानं तीनच. एक चिंचोका टाकला की एक पान बदलून मिळतं, हवं तितक्या वेळा. काही लागलं नाही तरी जादू वाया जात नाही. सगळ्यांत वरच्या पानाचं चिन्ह पाहायचं आणि त्या चिन्हाचं लहान काम होतं. इस्पिक जमिनीचं, बदाम जनावरांचं, चौकट धातूची, किलवर दिलेल्या शब्दाचा. बदामाचा राजा आला तर बुजलेला घोडा शांत होतो. त्याच हातात बदाम असलेली जोडी असेल तर अख्खा कळप वळतो. दुसरीच जोडी हवी असेल, तर पिपाकडे बघून ठरवायचं.

जादूने थेट जखम होत नाही, हा नियम तिसऱ्या आवृत्तीत आला आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या बसतात. बरेच जण बंदुकीचा घोडा रिकाम्या खान्यावर ठेवून पाचच भरायचे. आणि भरायच्या तर बाजूच्या झडपेतून एकेक करून. हा सगळा ताण फक्त बंदुकीचा आहे. मंत्रानेही तितकीच इजा होऊ लागली की बंदूक कुणी उचलत नाही, आणि कमी होऊ लागली की मांत्रिक कुणी होत नाही. दोघांची कामं वेगळी ठेवली की भांडण मिटतं.

लोखंडाने जादू अडते, ही कल्पना सगळ्यांना आधी सुचते. ती जशीच्या तशी घेऊ नका. खिशात नाल ठेवून प्रत्येक जण सुरक्षित होतो आणि सूत्रधाराच्या हाती काही राहत नाही. आमच्याकडे फक्त बंद वेढा जादू अडवतो. काटेरी तारेचं पेटंट जोसेफ ग्लिडन या अमेरिकन शेतकऱ्याला 1874 मध्ये मिळालं, आणि नऊ वर्षांत टेक्सासात कुंपणं तोडण्यावरून मारामाऱ्या सुरू झाल्या. खेळात तारेचा वेढा पूर्ण असेल तर आत जादू शून्य. कुठल्याही दोन खांबांमधली तार कापली की जादू पुन्हा वाहते. त्यामुळे रात्री कुणीतरी पक्कड घेऊन निघतंच, आणि कुणीतरी पहाऱ्यावर असतंच.

आता प्रजाती. हा शब्द पुस्तकी वाटतो, तरी तोच ठेवला. 'जात' लिहिणं शक्यच नव्हतं. 'वंश' आणि 'कूळ' लिहिले की खेळाडू लगेच उच्च-नीच लावतात. शब्दापेक्षा मोठी चूक आम्ही रचनेत केली होती. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक प्रजातीला एक धंदा आणि एक स्वभाव होता: अमुक लोहार, अमुक चोर, अमुक रागीट. मराठी टेबलावर याची सरळ बलुतेदारी झाली. लोहाराच्या प्रजातीतला शिक्षक कुणी करेना. आता प्रजातीला फक्त शरीर देतो. स्वभाव आणि धंदा खेळाडूचा. कागदावर उतरण्याआधी प्रत्येक प्रजातीला चार प्रश्न विचारतो: पाणी कुठून मिळतं, दुपारचं ऊन कसं टळतं, काय जमत नाही, आणि गावात एकमेकांशी संबंध नसलेली तीन कामं हे लोक करू शकतात का. चौथ्यावर अडली ती प्रजाती बाद.

मूळ रहिवासी, चिनी रेल्वे कामगार, कृष्णवर्णीय काउबॉय, मेक्सिकन वाकेरो म्हणजे गुराखी, ही सगळी आमच्याकडे माणसंच आहेत. कुणालाही प्रजाती करायचं नाही. मूळ रहिवाशांपैकी नवाहो लोक ज्या गोष्टींचं नावही घेणं टाळतात, त्या राक्षस म्हणून आम्ही छापत नाही.

शरीरं आम्ही तिथल्याच प्राण्यांवरून घेतली. कुदळपाये हे सोनोरा वाळवंटातल्या स्पेडफुट बेडकावरून. हा बेडूक मागच्या पायाच्या कडक कडेने माती उकरत उलटा खाली जातो, वर्षातले बरेच महिने पुरून राहतो, त्वचेतून मातीची ओल घेतो, आणि उन्हाळी पावसाच्या गडगडाटाची थरथर जाणवली की वर येतो. पिल्लांची वाढ दोन आठवड्यांच्या आत, डबकं आटायच्या आधी. खेळात पुरलेल्या कुदळपायाला पाणी शून्य. पण अडचण अशी की तो पुरून बसला की खेळाडूही नुसता बसून राहायचा. म्हणून जमिनीची थरथर त्याला दिली: पुरलेला असताना सूत्रधाराला तीन प्रश्न विचारायचे. किती घोडे, कुठल्या दिशेने, ओझं आहे की नाही. आता पाठलागात त्याला मुद्दाम पुरतात.

दुसरे उडीमार, कांगारू उंदरावरून. हा प्राणी कोरडं बी खाऊन पचनातूनच पाणी मिळवतो, प्यावं लागत नाही. अशी प्रजाती तहानेचा सगळा खेळ उधळेल असं वाटत होतं. दोन आवृत्त्या ती बाजूला ठेवली होती. उत्तर सोपं निघालं: पाणी लागत नाही म्हणून त्याच्या वाट्याला चिंचोकेही नाहीत. पान बदलायचं तर सोबत्याकडे मागायचं. आणि धान्य भिजलं की ते बुरशी धरतं, म्हणून नदी ओलांडताना सगळ्यात जास्त धास्ती त्यालाच.

तिसरे हिला मॉन्स्टर सरड्यासारखे, शेपटीत चरबी साठवून वर्षभरात मोजकीच जेवणं घेणारे. चौथी माणसं. पंखवाले काढून टाकले. कळप दिवसाला दहा-पंधरा मैल चालतो, त्या वेगावर सगळा प्रवास उभा आहे. एक जण उडू लागला की दरी, वाट आणि पाठलाग तिन्ही जातात.

संचात आमचे छापील पत्ते होते, तेही काढले. 300 जीएसएम आर्टकार्डवर पाठीची छपाई अर्धा मिलिमीटर सरकली तरी किनारीवरून पान ओळखू येतं, आणि जादूच्या खेळात ते चालत नाही. घरातली 52 पानांची कॅट काढा, जोकर बाजूला ठेवा. चिंचोके मात्र साठ पाठवतो: चाळीस पिपाचे, बाकीचे वाटेत विहीर लागली तर.